इन्फ्लेशनच्या वेळी "मोजलं" कोणी? सगळीकडे सारख्या विश्वातून आकाशगंगांची बीजं आली कुठून?

बर्डीवाली
नमस्कार सगळ्यांना. एमएस्सी फिजिक्स, शेवटचं सेमिस्टर, नागपूर. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे, विषय मी स्वतः हट्टानं मागून घेतला, इन्फ्लेशन (विश्वाच्या अगदी पहिल्या क्षणातलं प्रचंड वेगानं फुगणं) आणि विश्वातल्या रचनेची सुरुवात, अन् आता तीन रात्री झाल्या एकाच वाक्यावर अडकून राहिली आहे. ते वाक्य जवळपास प्रत्येक पुस्तकात आहे: "इन्फ्लेशनमध्ये क्वांटम फ्लक्च्युएशन्स ताणली जातात आणि क्लासिकल होतात." म्हणजे क्वांटम पातळीवरचे बारीक, अनिश्चित चढउतार ताणले जाऊन नेहमीचे, ठराविक उंचवटे होतात.

मला काय समजलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला तेच परत टाइप करावं लागणार नाही. सीएमबीचं, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या काळातून आजही सगळीकडून येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरींचं, तापमान सगळीकडे २.७२५ केल्विन आणि त्यात फरक साधारण लाखात एक भाग, म्हणजे झीरो माइलपासून एक किलोमीटर रस्ता घेतला तर त्यावर फक्त एक सेंटीमीटरचा उंचवटा. हे उंचवटे १९९२ मध्ये कोबे या उपग्रहानं दाखवले, मग डब्ल्यूमॅप, मग प्लांक या उपग्रहांनी. याच उंचवट्यांना गुरुत्वाकर्षणानं वाढवत नेलं अन् १३८० कोटी वर्षांत आकाशगंगा, तारे, आपण सगळे. उंचवटे कुठल्या लांबीला किती असावेत याचं गणित १९८१ मध्ये मुखानोव्ह आणि चिबिसोव्ह यांनी केलं होतं, आणि पुढे मोजलेले आकडे त्या चित्राशी इतके जुळले की तो ग्राफ पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शाळेत असताना सहलीत रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणात बसून मी आईला विचारलं होतं की हे सगळं आधी कुठं होतं, तो प्रश्न मला अजून तसाच वाटतो.

आता अडचण. सुरुवातीची स्थिती म्हणजे बंच-डेव्हिस व्हॅक्यूम (फील्डची सगळ्यात शांत, रिकामी क्वांटम स्थिती), ती प्रत्येक जागी सारखी, प्रत्येक दिशेला सारखी. हॅमिल्टोनियनलाही (स्थिती काळानुसार कशी बदलते ते ठरवणारी ऊर्जेची राशी) कुठलीच जागा लाडकी नाही. श्रोडिंजर समीकरणानं ती स्थिती पुढं नेली तर सिमेट्री, म्हणजे हा सारखेपणा, जशीच्या तशी राहते, हे तर दोन ओळींत सिद्ध होतं. मग इन्फ्लेशन संपल्यावरही स्थिती सगळीकडे सारखीच हवी ना? मग आकाशात या जागी गरम ठिपका अन् त्या जागी थंड ठिपका, हे ठरवलं कोणी? लॅबमध्ये आपण म्हणतो मोजमाप केलं, वेव्ह फंक्शन (सगळ्या शक्यता एकत्र धरणारं क्वांटम वर्णन) कोलॅप्स झालं, एकच शक्यता उरली. पण तिथं लॅब नाही, मोजणारा नाही, साधा एक अणू नाही, आणि मोजणारा ज्या उंचवट्यांतून पुढं घडणार त्या उंचवट्यांचाच तर प्रश्न आहे!

वर्गात विचारलं तर उत्तर मिळालं की हे तत्त्वज्ञान आहे, तू गणित कर. गणित मी केलं, बरोबर आलं. पण प्रश्न गेला नाही. कोणी नीट सांगेल का?

महालातला_इंजिनिअर
ताई, मी फिजिक्सवाला नाही, पण हे खूप वर्षांपासून वाचून राहिलो आहे, म्हणून मला जे पटलं ते लिहितो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर डिकोहेरन्स आहे, म्हणजे आजूबाजूच्या गोष्टींशी गुंतून क्वांटम वागणं दिसेनासं होणं. इन्फ्लेशनमध्ये प्रत्येक मोड (एका ठराविक लांबीची लहर) प्रचंड स्क्वीझ होतो, म्हणजे त्याची अनिश्चितता एकीकडे दाबली जाऊन दुसरीकडे पसरते, पोलार्स्की आणि स्टारोबिन्स्की यांनी १९९६ मध्ये दाखवलं की अशा स्थितीतली सगळी सरासरी एका साध्या क्लासिकल रँडम प्रक्रियेसारखी निघते. वरून आजूबाजूचे इतर मोड, इतर फील्ड यांच्याशी गुंता होतो आणि इंटरफिअरन्स (शक्यतांचं एकमेकींत मिसळणं) निघून जातं. मग उरतं काय, साधी क्लासिकल प्रॉबॅबिलिटी. त्यातली एक शक्यता आपल्या वाट्याला आली.

आणि सिमेट्रीचं म्हणाल तर भोवरा आठवा. फिरायचा थांबला की कुठल्यातरी एका बाजूला पडतोच ना, सगळ्या बाजू सारख्या असल्या म्हणून उभा थोडीच राहतो. गणित जुळते आहे, प्लांकचा डेटा जुळतो आहे, मग उगाच नवीन नियम कशाला जोडायचे?

आधी_नागपूर_आता_पुणे
बर्डीवाली, सगळ्यात आधी, हा प्रश्न तत्त्वज्ञान म्हणून सोडून देण्यासारखा नाही, यावर गेली वीस वर्षं रीतसर पेपर येऊन राहिले आहेत आणि त्यातून वेगळे, तपासता येतील असे अंदाजही निघतात. मी पीएचडी करतोय, विषय अगदी हाच नाही पण शेजारचा आहे, तर जरा मोठं लिहितो, चहा घेऊन बसा.

महालवाल्या दादांचा भोवरा मला आवडला कारण नेमकी चूक तिथंच दिसते. खरा भोवरा एका बाजूला पडतो कारण जमीन तिथं थोडी खडबडीत असते, आरी थोडी झिजलेली असते, वाऱ्याची झुळूक येते. म्हणजे सिमेट्री आधीच मोडलेली होती, आपल्याला ती दिसत नव्हती एवढंच. आता असा भोवरा घ्या की ज्याला खडबडीत जमीन नाही, झुळूक नाही, काहीच नाही, आणि तो क्वांटम आहे. श्रोडिंजर समीकरणानं तो कसा पडेल? एका बाजूला नाही. तो सगळ्या बाजूंना एकदम पडण्याच्या सुपरपोझिशनमध्ये (सगळ्या शक्यता एकाच वेळी) जाईल, आणि ती सुपरपोझिशन वरून पाहिली तर उभ्या भोवऱ्याइतकीच गोल, इतकीच सारखी. पडला पण कुठंच नाही पडला! इन्फ्लेशनमधले मोड हुबेहूब असेच आहेत.

डिकोहेरन्सचं काय? ते खरं आहे, होतं, आणि स्क्वीझिंगचं गणित पण बरोबर आहे, त्यावर माझा काही वाद नाही. पण डिकोहेरन्स काय देतं? "गरम ठिपका आणि थंड ठिपका" यांच्यामधलं इंटरफिअरन्स पुसून टाकतं. "गरम किंवा थंड" हे ते देत नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९९० मध्ये हेच बोट ठेवून दाखवलं होतं, की इंटरफिअरन्स गेलं म्हणजे "आणि" च्या जागी "किंवा" आलं असं लोक धरून चालतात, पण ती उडी गणितात कुठंच नसते, ती आपण मनात मारतो. लॅबमध्ये ती उडी मारली तरी चालून जातं, कारण शेवटी कोणीतरी काटा पाहतो आणि एक आकडा वहीत लिहितो. इन्फ्लेशनमध्ये काटा पण नाही आणि वही पण नाही. अजून एक, डिकोहेरन्स करायचं तर आधी ठरवावं लागतं की "आपली सिस्टिम" कोणती आणि "पर्यावरण" कोणतं. अख्ख्या विश्वात ती रेघ कोण मारणार?

२००६ मध्ये पेरेझ, साहल्मन आणि सुदार्स्की यांनी हाच मुद्दा धरून पेपर लिहिला, सुदार्स्की मेक्सिकोतले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की प्रत्येक मोडचं वेव्ह फंक्शन कुठल्यातरी क्षणी आपोआप, कोणी न पाहता, कोलॅप्स होतं. कोलॅप्सच्या आधी फील्डच्या चढउताराची अपेक्षित किंमत शून्य, म्हणून अवकाशकालाची वक्रता पण सगळीकडे सारखी. कोलॅप्सनंतर ती अपेक्षित किंमत शून्य राहत नाही, आणि ती आइनस्टाइनच्या समीकरणाच्या उजव्या बाजूला टाकली की पहिल्यांदाच खरा उंचवटा येतो. यात गुरुत्वाकर्षण क्लासिकल ठेवलंय आणि पदार्थ क्वांटम, याला सेमिक्लासिकल म्हणतात.

आणि यातून जे निघतं ते मला फार सुंदर वाटतं. कोलॅप्स कधी होतो हे जर मन मानेल तसं ठेवलं तर सीएमबीचा स्पेक्ट्रम (कुठल्या लांबीला किती उंचवटा याचा आलेख) बिघडतो. तो सपाटच्या जवळ (सगळ्या लांबींना जवळपास सारखा) राहायचा असेल तर प्रत्येक मोडसाठी वेव्ह नंबर (लहर जितकी आखूड तितका मोठा आकडा) गुणिले कोलॅप्सचा कन्फॉर्मल काळ (विश्वाचं फुगणं हिशोबात धरून मोजलेला काळ) हा गुणाकार जवळपास एकच यावा लागतो. म्हणजे आकाशातले ठिपके मोजून आपण कोलॅप्सच्या नियमावर बंधन घालू शकतो. नुसत्या गप्पा असत्या तर असं झालं नसतं.

बर्डीवाली
दादा, हे वाचून खूप बरं वाटलं, खरंच. पण मग अजून एक शंका येते. कोलॅप्स "आपोआप" होतो म्हणजे आपणच हातानं रँडमनेस टाकतो ना? सिमेट्री मोडायची होती म्हणून मोडणारा नियम आणून बसवला, असं कोणी सेमिनारमध्ये म्हटलं तर मी काय सांगू? आणि हा नियम फक्त इन्फ्लेशनसाठी बनवला की आधीपासून होता?

आधी_नागपूर_आता_पुणे
आधीपासून होता, आणि अगदी वेगळ्या कारणासाठी. १९८६ मध्ये घिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी सुचवला, लॅबमधल्या मोजमापाचा प्रश्न सोडवायला. कल्पना अशी की प्रत्येक कण फार क्वचित, आपोआप, साधारण १० चा उणे ७ वा घात मीटर एवढ्या जागेत आकसतो. किती क्वचित? त्यांचा आकडा सेकंदाला १० चा उणे १६ वा घात, म्हणजे एका कणासाठी साधारण ३० कोटी वर्षांत एकदा. म्हणून एकटा इलेक्ट्रॉन आयुष्यभर छान क्वांटम राहतो. पण मोजमापाच्या काट्यात १० चा २३ वा घात इतके कण एकमेकांत गुंतलेले असतात, तिथं सेकंदाला एक कोटी वेळा कोलॅप्स, म्हणून काटा कधीच दोन जागी दिसत नाही. एकच नियम दोघांना, आणि मोजणारा कुठंच नको. पुढं पर्ल यांनी १९८९ मध्ये याचं सलग रूप दिलं, त्याला सीएसएल (कंटिन्युअस स्पॉन्टेनिअस लोकलायझेशन) म्हणतात, त्यात श्रोडिंजर समीकरणालाच एक रँडम नॉइजचं पद आणि एक नॉनलिनिअर पद जोडलेलं असतं आणि बॉर्नची प्रॉबॅबिलिटी (कुठला निकाल येण्याची शक्यता किती याचा क्वांटम नियम) त्यातून आपसूक येते.

आता हातानं टाकला का, हा प्रश्न. पहिला पाऊस आठव. अंगणातल्या फरशीवर कुठल्याही जागी थेंब पडायची शक्यता सारखी, नियम कुठल्याच फरशीची बाजू घेत नाही. पण पहिला थेंब पडतो तो एका फरशीवर. नियम सिमेट्रिक, घटना नाही. फरक एवढाच की पावसात तो थेंब का तिथं पडला याला मागं ढगात कारण असतं, आणि कोलॅप्समध्ये ते कारणच नाही, रँडमनेस निसर्गाच्या मुळात आहे असं हे मॉडेल उघडपणे म्हणतं. नेहमीची क्वांटम थिअरी पण रँडमनेस टाकतेच की, फक्त "मोजमाप" या शब्दाच्या आड टाकते. मला उघड्यावर टाकलेला जास्त प्रामाणिक वाटतो.

निवृत्त_प्राध्यापक
पोरी, प्रश्न फार चांगला विचारलास. मी पस्तीस वर्षं क्वांटम मेकॅनिक्स शिकवलं, आणि विद्यार्थ्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा मीही पुष्कळ वेळा पुढच्या टॉपिकवर गेलो, त्याचं मला आज वाईट वाटतं. तेव्हा आता तरी नीट बोलतो.

पुण्याच्या मुलानं जे लिहिलं ते बरोबर आहे. पण सेमिनारमध्ये फक्त एक बाजू मांडू नकोस. या मॉडेल्सना खरे अडथळे आहेत आणि ते तुलाच आधी माहीत असायला हवेत.

पहिला आणि सगळ्यात मोठा: कोलॅप्स कशाचा? लॅबमधल्या सीएसएलमध्ये वस्तुमानाच्या घनतेचा होतो, तिथं कण आहेत, वस्तुमान आहे. इन्फ्लेशनमध्ये कण कुठले, फक्त इन्फ्लेटॉन फील्ड (इन्फ्लेशन घडवणारं) आणि त्याचे चढउतार. तिथं कोलॅप्स फील्डचा धरायचा, त्याच्या वेगाचा धरायचा की ऊर्जेच्या घनतेचा, यानं उत्तर बदलतं. मार्टिन, वेनिन आणि पीटर यांनी २०१२ मध्ये सीएसएल सरळ लावून पाहिलं तर स्पेक्ट्रममध्ये सपाट नसलेला एक तुकडा आला, जो डेटामध्ये नाही. म्हणजे कोलॅप्सची ताकद अतिशय कमी धरावी लागते, आणि इतकी कमी धरली तर कोलॅप्स पुरेसा होत नाही. पुढच्याच वर्षी आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले टी. पी. सिंग आणि त्यांचे सहकारी यांनी यावर वाट काढली, कोलॅप्सची ताकद मोडच्या लांबीवर अवलंबून ठेवली, म्हणजे मोड जसजसा मोठा होतो तसतसा तो जास्त जोरात आकसतो. लॅबमध्ये मोठी वस्तू लवकर आकसते त्याच धर्तीवर. ही सूचना मला आवडते, पण ती कुठल्या खोल तत्त्वातून येते हे अजून दाखवायचं आहे.

दुसरा: कोलॅप्सच्या क्षणी ऊर्जा जपली जात नाही. आइनस्टाइनच्या समीकरणाची डावी बाजू मात्र आपोआप जपणूक मागते. म्हणजे कोलॅप्सच्या क्षणी सेमिक्लासिकल समीकरण खरंतर मोडतं. सुदार्स्कींच्या गटाचं यावर उत्तर असं की ते समीकरण द्रवाच्या समीकरणासारखं वरवरचं आहे, लाट फुटते त्या क्षणी द्रवाचं साधं समीकरण चालत नाही, आधी चालतं आणि नंतर परत चालतं. उपमा पटते. उपमेच्या खालचं गणित यायचं आहे.

महालातला_इंजिनिअर
सर नमस्कार. भोवऱ्याबद्दल पुण्याच्या भाऊंचं मला पटलं, मी "आणि" च्या जागी "किंवा" आधीच धरून चाललो होतो. पण मग मी सरळ मेनी वर्ल्ड्स घेतो ना, प्रत्येक शक्यता आपापल्या विश्वात, म्हणजे फांदीत, खरी होते ती कल्पना. एकूण वेव्ह फंक्शन कायम सिमेट्रिक, भोवरा सगळ्या बाजूंना पडला, आपण एका फांदीत आहोत आणि त्या फांदीत तो अंबाझरीच्या दिशेनं पडलेला आहे. नवीन पद जोडायचं काम नाही, ऊर्जा जपली जाते, आइनस्टाइन पण खूश. यात काय चूक?

निवृत्त_प्राध्यापक
चूक काही नाही, ही खरी वाट आहे आणि विश्वरचनाशास्त्रातले पुष्कळ लोक मनातल्या मनात हीच धरतात. माझं म्हणणं एवढंच, की मग तसं स्पष्ट लिहायचं. पुस्तकात "फ्लक्च्युएशन्स क्लासिकल होतात" असं लिहायचं आणि मागच्या दारानं असंख्य विश्वं गृहीत धरायची हे बरोबर नाही. आणि त्या वाटेवर पण काम बाकी आहे: सगळंच घडत असेल तर "याची शक्यता जास्त, त्याची कमी" याचा अर्थ काय लावायचा? सीएमबीचा ग्राफ तर पूर्णपणे शक्यतांवरच उभा आहे.

बेल यांचाच एक प्रश्न मी वर्गात सांगायचो, की विश्वाचं वेव्ह फंक्शन उडी मारायला कोट्यवधी वर्षं एखाद्या एकपेशीय जीवाची वाट पाहत थांबलं होतं का, की पीएचडीवाला कोणी येईपर्यंत थांबलं? मुलं हसायची. मला ते कधीच हसण्यासारखं वाटलं नाही, कारण पुस्तकातली व्याख्या शब्दशः घेतली तर खरंच तोच अर्थ निघतो.

बर्डीवाली
सर, तुमचं आणि दादांचं सगळं लिहून घेऊन राहिली आहे. शेवटचं, हे तपासणार कसं? सेमिनारमध्ये हा प्रश्न नक्की येतो.

आधी_नागपूर_आता_पुणे
दोन बाजूंनी तपासतात.

एक जमिनीवरून. कोलॅप्समुळे कणांना सतत बारीक धक्के बसतात, विद्युतभारित कण असतील तर त्यातून किरण निघायला हवेत. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली जर्मेनियम डिटेक्टर लावून हे शोधलं, आणि पेनरोज-डिओसी यांच्या गुरुत्वाकर्षणातून होणाऱ्या कोलॅप्सचं सगळ्यात साधं रूप त्यातून बाद झालं. लिसा पाथफाइंडर या अवकाशयानाच्या आत तरंगत ठेवलेल्या ठोकळ्यांची थरथर मोजली होती, त्यातूनही सीएसएलच्या आकड्यांवर मर्यादा आल्या. म्हणजे ही मॉडेल्स चुकीची ठरू शकतात आणि काही ठरलीसुद्धा, यापेक्षा विज्ञानात अजून काय पाहिजे!

दुसरी बाजू आकाशातून. २०२० मध्ये मार्टिन आणि वेनिन यांनी दाखवलं की घनतेच्या चढउताराचा कोलॅप्स धरला तर लॅबमध्ये चालणारे सीएसएलचे आकडे सीएमबीशी जुळत नाहीत. त्यावर पर्ल, सुदार्स्की आणि मंडळींनी उत्तर दिलं की ऑपरेटर (कोलॅप्स कुठल्या राशीचा धरायचा ते) वेगळा घेतला तर निष्कर्ष बदलतो, म्हणजे सर म्हणतात तोच पहिला अडथळा. हा वाद चालू आहे आणि मला वाटतं तो चांगल्या जागी चालू आहे.

पण सेमिनारसाठी सगळ्यात जोरदार मुद्दा आद्य गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे इन्फ्लेशनमध्ये उठलेल्या अवकाशकालाच्या तरंगांचा. नेहमीच्या हिशोबात त्या पण व्हॅक्यूममधून थेट येतात, आणि सीएमबीच्या ध्रुवीकरणात बी-मोड (पिळासारखा एक नमुना) म्हणून दिसायला हव्यात. सुदार्स्कींच्या सेमिक्लासिकल चित्रात अवकाशकाल क्वांटम नाहीच, त्यामुळे त्या थेट येत नाहीत, घनतेच्या उंचवट्यांच्या वर्गातून येतात, म्हणजे लाखातल्या एका भागाचा परत वर्ग, इतक्या क्षीण की शोधणं जवळपास अशक्य. २०१४ मध्ये बायसेप२ या प्रयोगानं बी-मोड सापडले असं जाहीर केलं तेव्हा हे चित्र संपलं असंच वाटलं असतं, पण तो सिग्नल आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीनं समजावता येतो असं पुढच्या वर्षी प्लांकबरोबरच्या विश्लेषणात निघालं. २०२१ ची मर्यादा अशी की टेन्सर (गुरुत्वीय लहरी) आणि स्केलर (घनतेचे उंचवटे) यांचं गुणोत्तर ०.०३६ पेक्षा कमी. अजून काही दिसलं नाही, याचा अर्थ कोलॅप्सवाले जिंकले असा अजिबात काढू नकोस, साध्या इन्फ्लेशनची पुष्कळ मॉडेल्स पण यापेक्षा कमी सांगतात. पण उद्या बी-मोड पक्के सापडले तर सेमिक्लासिकल कोलॅप्सचं हे रूप मोठ्या अडचणीत येईल. सगळी कोलॅप्स मॉडेल्स नाही हं, ज्यांच्यात गुरुत्वाकर्षण पण क्वांटम ठेवलंय त्यांना हे लागू नाही, ही चूक प्रश्नोत्तरात बरेच जण करतात.

बर्डीवाली
दादा, सर, महालवाले दादा, तिघांचे मनापासून आभार. काल रात्री लाइट गेली होती, कूलर बंद, झोप येईना, म्हणून गच्चीवर मोबाइलच्या उजेडात तो गुणाकारवाला मुद्दा करून पाहिला. बरोबर आहे का सांगा.

वेव्ह नंबर गुणिले कन्फॉर्मल काळ हे प्रत्येक मोडला एकच पाहिजे. इन्फ्लेशनमध्ये स्केल फॅक्टर (विश्व किती ताणलं ते) म्हणजे उणे एक भागिले (हबल, म्हणजे ताणलं जाण्याचा दर, गुणिले कन्फॉर्मल काळ). मोडची खरी लांबी म्हणजे स्केल फॅक्टर भागिले वेव्ह नंबर. दोन्ही एकत्र केले की खरी लांबी येते उणे एक भागिले (हबल गुणिले तोच गुणाकार), आणि हबल इन्फ्लेशनमध्ये जवळपास स्थिर. म्हणजे प्रत्येक मोड वेगवेगळ्या वेळी कोलॅप्स होतो, पण कोलॅप्स होताना त्याची खरी लांबी एकच असते! म्हणजे आधी ताणला गेलेला मोड आधी त्या लांबीला पोचतो आणि आधी आकसतो, नंतरचा नंतर. मला आधी वाटत होतं की हा गुणाकार मुद्दाम जुळवून आणलेला आहे, आता वाटते की यात घड्याळ नाहीच, मोजपट्टी आहे. असं म्हणणं बरोबर राहील का?

निवृत्त_प्राध्यापक
बरोबर आहे. फक्त "हबल जवळपास स्थिर" यातला "जवळपास" गाळू नकोस. तो हळूहळू कमी होतो, स्पेक्ट्रम अगदी सपाट नसण्याचं तेही एक कारण आहे, प्लांकनं मोजलेला स्पेक्ट्रल इंडेक्स (स्पेक्ट्रमच्या उताराचा आकडा, अगदी सपाट म्हणजे १) ०.९६५ आहे, १ नाही, ते कोणीतरी विचारेलच.

आधी_नागपूर_आता_पुणे
एकदम बरोबर. आणि हे स्लाइडवर टाकू नको, खडू घेऊन फळ्यावर कर, तीनच ओळी आहेत. त्याच्या आधी भोवरा, त्याच्या नंतर बी-मोड. सेमिनार झाला की इथं येऊन सांग कोणी काय विचारलं ते, विशेषतः ऑपरेटर कोणता घ्यायचा यावर कोणाला काही सुचलं तर.